लाजेच्या नावाची नस

बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा उभ्याने. काउंटरमागे खुर्ची होती, पण मी तिच्यावर बसत नसे. सहकाऱ्यांना आधी वाटलं, मूळव्याध असेल. मग वाटलं, कुठल्याशा बाबांचं व्रत घेतलं असेल. मी दोन्ही समजुती तशाच राहू दिल्या, कारण खरं काय ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. दुखायचं ते दोन मांड्यांच्या मधे, बसल्यावर खुर्चीला टेकतो त्या भागात. सतत जळजळ, मधेच विजेचा झटका बसावा तशी कळ, आणि आत लिंबाएवढं काहीतरी अडकून बसलंय अशी भावना. उभा राहिलो की कमी व्हायचं, आडवा झालो की जवळजवळ थांबायचं. रात्री झोप छान लागायची आणि सकाळी चहाला बसलो की पुन्हा सुरू.

तीन वर्षांत दोन मूत्ररोगतज्ज्ञ, एक मूळव्याधीचे सर्जन, एक हाडांचे डॉक्टर आणि एक मानसोपचारतज्ज्ञ झाले. प्रोस्टेटला सूज आहे म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स झाले. रिपोर्ट सगळे नॉर्मल. 'तुम्ही विचार फार करता,' असं एकाने सांगितलं, आणि ते खरंही होतं. फक्त विचार दुखण्यानंतर सुरू झाले होते, आधी नाही. शेवटी एका चिठ्ठीवर 'प्युडेंडल न्यूराल्जिया' हे दोन शब्द प्रश्नचिन्हासकट लिहून आले. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. पण फावल्या वेळात जुने कागद वाचायची सवय असल्यामुळे अनोळखी शब्द दिसला की त्याचं मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुस्तकं ठेवून, उभ्यानेच, मी हा शोध सुरू केला. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

आधी शब्दच. लॅटिनमध्ये 'पुदेरे' म्हणजे लाजणं. 'पुदेन्दुम' म्हणजे ज्याची लाज बाळगावी ते. शरीररचनाशास्त्राने जननेंद्रियांना हे नाव दिलं आणि तिथे जाणाऱ्या मज्जातंतूलाही तेच चिकटलं. जर्मन भाषेत याच भागाच्या हाडापासून त्वचेपर्यंत अनेक नावांना 'शाम' म्हणजे लाज हा शब्द जोडलेला आहे. आपल्याला हसायचं कारण नाही. आपण गुह्य म्हणतो, गुप्तांग म्हणतो, तिथल्या आजाराला गुप्तरोग म्हणतो. २०१९ साली शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीची नवी आवृत्ती आली तेव्हा स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांसाठी असलेला 'पुदेन्दुम' हा शब्द तीतून गाळला गेला. मज्जातंतूचं नाव मात्र राहिलं. माणसाच्या अंगातली ही एक नस अजूनही लाजेच्या नावाने वावरते, आणि तिचं दुखणं घेऊन आलेला रोगी डॉक्टरांसमोर बसला की म्हणतो, 'जरा कंबर दुखते.' मीही पहिल्या दोन डॉक्टरांना कंबरच सांगितली होती.

या नसेची वाट विलक्षण आहे. पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी, त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या छिद्रांतून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन ती तयार होते. ती ओटीपोटाच्या पोकळीतून मागच्या बाजूने कुल्ल्यात बाहेर पडते, हाडाच्या एका काट्याला वळसा घालते, तिथे दोन चिवट अस्थिबंधांच्या बेचक्यातून जाते आणि लगेच दुसऱ्या भोकातून परत आत शिरते. आत आल्यावर बसायच्या हाडाच्या आतल्या अंगाने, एका स्नायूच्या आवरणात तयार झालेल्या बोगद्यातून पुढे सरकते. मग तिच्या तीन शाखा होतात. एक गुदद्वाराकडे, एक मधल्या भागाकडे, एक शिश्नाकडे किंवा स्त्रीच्या भगशिश्निकेकडे. मलमूत्राचं नियंत्रण आणि शरीरसुखाची जाणीव, दोन्ही या एकाच नसेवर. घरातून बाहेर पडून लगेच मागच्या दाराने आत येणाऱ्या माणसाची ही वाट, आणि दाराच्या दोन्ही चौकटी अरुंद. कुठे अडकेल, हे नकाशा पाहिल्यावर मलाही कळलं.

त्या बोगद्याला ॲलकॉकचा बोगदा म्हणतात. बेंजामिन ॲलकॉक हा आयरिश माणूस. जन्म १८०१ चा, किल्केनीचा. १८३६ साली टॉड यांनी संपादित केलेल्या शरीररचना आणि शरीरक्रियेच्या कोशात त्याने या भागातल्या धमनीच्या वाटेचं वर्णन केलं आणि त्या ओघात बोगदा नोंदवला. वेदनेचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात तो शरीररचनेचा पहिला प्राध्यापक झाला. विच्छेदनासाठी प्रेतं मिळवण्याच्या कायद्यावरून त्याचं वरिष्ठांशी बिनसलं आणि त्याला पद सोडावं लागलं. त्याने राणीकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. १८५५ मध्ये तो अमेरिकेला गेला, आणि तिथून पुढे त्याचा माग लागत नाही. जुन्या दप्तरांत अशी माणसं मला नेहमी भेटतात. खातं उघडलेलं असतं, बंद केल्याची नोंद नसते.

वाट ठाऊक झाली म्हणजे दुखणं कळलं असं नाही. एकोणिसाव्या शतकाची समजूत अशी होती की वेदनेला एक जागा असते, जागेत एक अवयव असतो, आणि अवयव काढता येतो. क्लोरोफॉर्म प्रचारात आणणाऱ्या एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८५९ मध्ये माकडहाडाच्या दुखण्याला 'कॉक्सिगोडिनिया' हे नाव दिलं. हाडाला चिकटलेले स्नायू कापून मोकळे करावेत किंवा हाडच काढावं, असे त्यावरचे उपाय. हाड काढण्याची शस्त्रक्रिया तर अमेरिकेत जोसाया नॉट यांनी १८४४ मध्येच केली होती. बायकांच्या वाट्याला याहून वाईट आलं. १८७२ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जिया राज्यातल्या रोम गावी रॉबर्ट बॅटी यांनी एका तरुणीची दोन्ही बीजकोशं काढली. या शस्त्रक्रियेला त्यांनी दिलेल्या नावातच 'नॉर्मल' हा शब्द होता, कारण काढायचे अवयव रोगट असायला हवेत अशी अटच नव्हती. ओटीपोटातली वेदना, पाळीचा त्रास, झटके, वेड लागणं, सगळ्यांवर एकच उपाय. त्याच वर्षी जर्मनीत हेगार आणि इंग्लंडमध्ये टेट यांनीही ती केली. पुढची दोन-तीन दशकं ही लाट चालली. कित्येक बायका दगावल्या, आणि ज्या वाचल्या त्यांतल्या अनेकींचं दुखणं तसंच राहिलं.

अवयव काढून भागेना तेव्हा नजर तारांकडे वळली. १८९९ मध्ये फ्रान्समध्ये झाबुले आणि इटलीत रुजी यांनी त्रिकास्थीच्या पुढचे मज्जातंतू कापायला सुरुवात केली. १९२५ च्या सुमारास लिआँच्या गास्ताँ कोत यांनी ती शस्त्रक्रिया नावारूपाला आणली. पाळीच्या मध्यभागी होणाऱ्या तीव्र वेदनेत तिचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही. पण बसल्यावर दुखणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. ती नस वेगळी.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडलेला माणूस सुरीवाला नाही, बोटवाला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे गुदरोगतज्ज्ञ जॉर्ज थिले. माकडहाड दुखतं म्हणून येणाऱ्या रोग्यांना ते गुदमार्गातून बोटाने तपासत. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेकांचं हाड दाबलं तरी विशेष दुखत नाही. दुखतात ते हाडाला दोन्ही बाजूंनी धरून असलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. ते दोरखंडासारखे ताठ झालेले असतात. १९३७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी ते मांडलं, आणि उपायही सांगितला: त्याच बोटाने, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने, हळूहळू दाब वाढवत मालिश. पुढे त्यांनी वाईट बसण्याच्या सवयीलाही कारणांत मोठं स्थान दिलं. खुर्चीत घसरून, माकडहाडावर भार टाकून बसायची सवय. काउंटरमागची माझी पंचवीस वर्षांची बैठक मला हे वाचताना दिसली.

थिलेंचं म्हणणं कुणी खोडलं नाही. ते फक्त मागे पडलं. बोटाने मालिश करायला वेळ लागतो, त्यात डॉक्टरांनाही अवघडल्यासारखं होतं, आणि ते करून कुणाचं नाव मोठं होत नाही. हा माझा कयास आहे, पण तो मी सोडणार नाही.

१९४८ मध्ये कॅलिफोर्नियातले आर्नल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आवळण्याचे व्यायाम सांगितले. ज्यांची लघवी थेंबथेंब गळते त्यांच्यासाठी ते आजही उत्तम. पण नाव इतकं गाजलं की ओटीपोटाच्या तळाची कुठलीही तक्रार म्हटली की 'केगल करा' असं सांगायची रीत पडली. आधीच मूठ आवळून बसलेल्या स्नायूला आणखी आवळ म्हणणं ते. मला हा सल्ला दोघांनी दिला होता. शिवाय योगवर्गातल्या एका ज्येष्ठांनी अश्विनी मुद्रा शिकवली. गुदद्वार आकसायचं आणि सोडायचं, अशी ती मुद्रा. मी आकसायचं तेवढं लक्षात ठेवलं. चार महिन्यांत दुखणं दुप्पट झालं. दोष मुद्रेचा नाही आणि त्या काकांचाही नाही. स्नायू ढिला आहे की ताठ, हे आधी कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं.

स्नायूच्या वेदनेला शास्त्रात जागा मिळवून देण्याचं श्रेय बरंचसं जॅनेट ट्रॅव्हेल यांचं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या डॉक्टर होत्या, आणि त्यांची डोलखुर्ची प्रसिद्ध झाली ती यांच्यामुळे. ताठलेल्या स्नायूतला एक बिंदू दाबला की वेदना भलतीकडेच उमटते, याचे नकाशे त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर काढले. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड १९९२ मध्ये आला. त्यात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर प्रकरण आहे.

दरम्यान वेदनेची कल्पनाच बदलत होती. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात एक दार असतं; खालून आलेली वेदनेची खबर ते सगळीच वर जाऊ देतं असं नाही, आणि मेंदूही वरून ते दार ढकलू शकतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा मारा झाला की कण्यातल्या पेशीच हळव्या होतात. मग मूळ इजा भरून आली तरी साधा स्पर्शही दुखतो. माझ्यासारख्याला याचा अर्थ असा की 'रिपोर्ट नॉर्मल' आणि 'दुखणं खरं' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. हे मला कुणी तीन वर्षं आधी सांगितलं असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे मी रागाने गेलो नसतो.

याची परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. जुनाट ओटीपोटदुखी असलेल्या १०६ बायकांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीची पद्धत: आधी शारीरिक कारण शोधा, दुर्बीण घालून पाहा, काहीच सापडलं नाही तर मनाकडे वळा. दुसऱ्या गटाकडे पहिल्या दिवसापासून शरीर, मन, आहार, फिजिओथेरपी असं सगळं एकत्र पाहिलं, दुर्बीण सरसकट घातली नाही. १९९१ मध्ये निष्कर्ष छापले गेले. दुसऱ्या गटातल्या बायका दुखण्यात स्पष्टपणे पुढे होत्या. बॅटी यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा ११९ वर्षं झाली होती.

आता फ्रान्स. १९८७ मध्ये जेरार अमारँको यांनी एका सायकलपटूची हकिकत छापली. तासन्‌तास अरुंद खोगिरावर बसून त्याची ही नस दबली होती. नाँत शहरातले न्यूरोसर्जन रोझे रोबेर यांनी प्रेतांच्या विच्छेदनातून नस नेमकी कुठे दाबली जाते ते दाखवलं: बहुधा त्या दोन अस्थिबंधांच्या बेचक्यात, किंवा ॲलकॉकच्या बोगद्यात. ॲलकॉकचं नाव दीडशे वर्षांनी रोग्यांच्या तोंडी आलं. २००८ मध्ये या मंडळींनी निदानाच्या कसोट्या छापल्या. दुखणं या नसेच्या टापूत हवं. बसल्यावर वाढायला हवं. रात्री दुखण्याने जाग येता कामा नये. तपासणीत त्वचा बधिर सापडू नये. आणि नसेजवळ भूल दिली की दुखणं थांबायला हवं. पहिल्या चार ओळींसमोर मी पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या. आणखी एक बारीक खूण त्यांनी दिली आहे: कमोडच्या सीटवर बसल्यावर दुखत नाही, कारण मधला भाग अधांतरी असतो. वर्षानुवर्षं वर्तमानपत्र मी संडासात का वाचत होतो, याचं उत्तर फ्रान्सहून आलं.

रोबेर शस्त्रक्रिया करत आणि तिचा फायदा होतो हे त्यांनी दाखवलं, तेही लपवायचं कारण नाही. २००५ च्या त्यांच्या चाचणीत ३२ रोगी होते. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटात दहांपैकी सातांना आराम होता, दुसऱ्या गटात दहांपैकी एखाद्याला. पण हे रोगी निवडक होते. बाकीचे उपाय थकल्यावर उरलेले, नस खरोखर अडकलेली. रोगी कोण हे न पाहता आकडा तेवढा उचलला की घोटाळा होतो, हे बँकेत शिकलो. याच वर्तुळातल्या डॉक्टरांनी पुढे आपल्याच नेहमीच्या उपायाची परीक्षा घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं. नसेजवळ भुलेबरोबर स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायची सर्रास पद्धत होती. २०१ रोग्यांवरची त्यांची चाचणी २०१७ मध्ये छापली गेली: नुसत्या भुलेपेक्षा स्टेरॉइड घातल्याने तीन महिन्यांनी काहीही जास्त फायदा नव्हता. म्हणजे इंजेक्शन निदानाला कामाचं, उपचार म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

आणि माझी ती प्रोस्टेटची सूज? १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बैठकीत या आजाराचे वर्ग पाडले गेले आणि मान्य झालं की अशा पुरुषांपैकी बहुसंख्यांमध्ये जंतू सापडतच नाहीत. वर्गाच्या नावातच 'जुनाट ओटीपोटदुखी' हे शब्द घातले गेले. २००४ मध्ये १९६ पुरुषांवर चाचणी झाली. सिप्रोफ्लॉक्सासिन हे माझ्या चांगल्या ओळखीचं अँटिबायोटिक सहा आठवडे दिलं तरी बिनऔषधाच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. माझा पहिला कोर्स २०११ चा आहे.

थिलेंचं बोट परत आलं ते याच वाटेने. डेव्हिड वाइज हे मानसशास्त्रज्ञ स्वतः या दुखण्याचे जुने रोगी. स्टॅनफर्डच्या रॉडनी अँडरसन यांच्याबरोबर त्यांनी आतून स्नायू सैल करणं आणि रोज दीर्घ शिथिलीकरण यांची जोड घातली. २००३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. अशा पद्धतीवर संशयी माणूस विचारणारच की कुणीतरी हात फिरवला, लक्ष दिलं, एवढ्यानेच बरं वाटत असेल. म्हणून २००९ च्या चाचणीत ४७ स्त्री-पुरुषांपैकी अर्ध्यांना सगळ्या अंगाचं साधं मालिश दिलं आणि अर्ध्यांना नेमक्या स्नायूंवरची फिजिओथेरपी. साध्या मालिशने २१ टक्के सुधारले, नेमक्या उपचाराने ५७ टक्के. २०१२ मध्ये ८१ बायकांवर तेच केलं: २६ आणि ५९. दोन्ही वेळा दहांपैकी चार तसेच राहिले, हेही त्यातच आलं. गोळ्यांचं म्हणाल तर गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं लोकप्रिय औषध ब्रिटनमध्ये ३०६ बायकांना देऊन पाहिलं. २०२० चा निष्कर्ष असा की, जुनाट ओटीपोटदुखीचं कारण सापडलेलं नाही अशा बायकांत, ते साध्या गोळीपेक्षा चांगलं नाही. गुंगी मात्र जास्त.

मला एक फिजिओथेरपिस्ट मिळाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी दोघंही अवघडलो. त्यांनी प्लॅस्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवला, नसेची वाट बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, 'काका, इथे लाजण्यासारखं काही नाही, हा खांद्यासारखाच स्नायू आहे.' आठवड्यातून एकदा, सात महिने. आधी तळाचे स्नायू सोडायला शिकणं. हे आवळण्याहून कितीतरी अवघड आहे, कारण आपण आवळलेलं आहे हेच आपल्याला कळत नसतं. पोटात श्वास घेतला की ओटीपोटाचा तळ खाली उतरतो, तो उतरू द्यायचा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथायचं नाही. मागून कापलेली यू आकाराची उशी वापरायची. गोल भोकाची नको, तिने कडेचा दाब वाढतो. बसण्याची वेळ घड्याळ लावून वाढवायची: तीन मिनिटं, मग पाच, मग आठ. दुखायला लागल्यावर उठायचं नाही, दुखायच्या आधी उठायचं. त्या बाईंनी एक इशाराही पहिल्याच दिवशी दिला होता, तो इथे द्यायलाच हवा: दुखण्याने रात्री जाग येत असेल, त्या भागाला बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा ताप, रक्त, वजन उतरणं असेल तर हे दुखणं ते नव्हे, थेट डॉक्टर गाठायचे, शेवटचं बधिरपण आणि ताबा सुटणं असेल तर त्याच दिवशी.

नोकरी मी मुदतीआधी सोडली, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमातही उभाच होतो. मंडळींनी मला भेट म्हणून आरामखुर्ची दिली. त्यांना काय माहीत. गेली दोन वर्षं ती दिवाणखान्यात आहे, आणि सध्या तिच्यावर मी सलग ४० मिनिटं बसू शकतो. हा लेख तशा अकरा बैठकांत लिहिला आहे; ॲलकॉकचा मजकूर तेवढा सवयीने ओट्यापाशी उभा राहून लिहिला.